झाकण सैल

“कोणापेक्षा?”

समोरच्यानं काहीही म्हटलं, की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि एवढंच विचारायच्या. भाजीवाली म्हणाली वांगी ताजी आहेत, की “कोणापेक्षा?” मी म्हटलं आज उकाडा आहे, की “कोणापेक्षा?” आमच्या सिंधी शेठच्या, म्हणजे अंकलच्या, मुलाचं लग्न ठरलं तेव्हा पेढे वाटता वाटता तो म्हणाला, “बाई, लडकी बहुत सुंदर है.” अख्खं ऑफिस हातातलं काम सोडून बाईंकडे बघायला लागलं. बाईंचा हात चष्म्याकडे गेलासुद्धा. मग त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि नुसतं “वा” म्हणाल्या. पेढा चांगला असणार, नाहीतर त्या पोराची खैर नव्हती.

अशी खोचक माणसं तुमच्याही ओळखीत असतील. बहुतेकांचं खोचक बोलणं नुसतं जिभेवर असतं. बाईंचं तसं नव्हतं, म्हणून सांगायला बसलोय.

बाई आमच्याकडे दुभाषी होत्या, चिनी भाषेच्या. उल्हासनगरात अंकलचं ऑफिस. जीन्स धुवायची, पिळायची, वाळवायची मोठाली मशिनं ते चीनहून आणायचे आणि कारखान्यांना विकायचे. मी ती बसवणारा मिस्त्री. मशिनाबरोबर तिकडचा इंजिनियर यायचा, आणि त्याचं बोलणं आम्हाला नि आमचं त्याला सांगायला बाई. बदलापूरच्या मांजर्लीतल्या आगरी घरातल्या. लग्न केलं नाही. नदीला पूर आला की ज्या घरांत पहिलं पाणी शिरतं त्यांतलं एक घर त्यांचं. दरवेळी सामान माळ्यावर चढवायच्या, ओसरलं की उतरवायच्या, पण घर सोडायचं नाव नाही. चिनी त्या मुंबईत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकल्या. का, तर एका चिनी व्यापाऱ्यानं फोनवर गोडगोड बोलून अंकलच्या गळ्यात भंगार मशीन मारलं होतं. फसले अंकल, पण राग आला बाईंना.

“कोणापेक्षा?” हे त्या भाषेतूनच आलेलं. एकदा वडापाव खाता खाता त्यांनी मला समजावलं. आपण म्हणतो, झाकण सैल आहे. चिनी माणसाला ते ‘आहे’ लागतच नाही. आधी झाकण, पुढे सैल, झालं वाक्य. तिथं गुण आपल्या पायावर उभा राहतो, त्याला टेकू लागत नाही.

“टेकू लावलात तर उलट भांडायला उठल्यासारखं वाटतं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे, हो बाबा, आहेच सैल, पुढं बोल, असं काहीतरी.”

पण यात एक मेख होती. नुसतं ‘झाकण सैल’ म्हटलं तर ऐकणारा मनात विचारतो, कशापेक्षा? म्हणजे दुसरं कुठलं तरी घट्ट असणार. तसं सुचवायचं नसेल तर गुणाच्या आधी ‘हन’ असा एक बारका शब्द घालायचा. पुस्तकात त्याचा अर्थ ‘खूप’ असा दिलेला असतो, पण रोजच्या बोलण्यात कुणाला त्यात ‘खूप’ ऐकू येत नाही. “आपल्या पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावाआधी चि. लावतात ना, तसं,” बाई म्हणाल्या. “असलं की बरं दिसतं.”

मी म्हटलं, “आपणही बोलतोच की तसं. स्थळ सांगताना नाही का, रंग गोरा, नाक सरळ, स्वभाव गरीब.”

बाईंनी चष्मा वर नेला. “कोणापेक्षा?”

आता त्यांच्या स्वभावातली मुख्य गोष्ट. बाई विसरायच्या नाहीत. बदलापूरच्या बाजारात एका कोळणीनं त्यांना एकदा शिळे बोंबील दिले. बाई भांडायला गेल्या नाहीत. तिच्याकडून घेणं बंद केलं, आणि नुसतं बंद नाही केलं, तर रोज तिच्या समोरून जाऊन शेजारणीकडून घ्यायच्या आणि पिशवीत टाकताना मोठ्यानं म्हणायच्या, “ताजे!” अशी कित्येक वर्षं गेली. शेवटी ती कोळीण मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मांजर्लीला आली. बाई लग्नाला गेल्या, पोटभर जेवल्या, आणि निघताना तिच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, “जेवण ताजं.” दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडचे बोंबील सुरू.

हे बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी पण तसलाच. क्षमा करणारी माणसं थोर असतात, मान्य आहे. पण त्यांच्याबरोबर चहा प्यायला मजा येत नाही.

चीनहून येणारा इंजिनियर बहुतेक वेळा एकच असायचा. बारका, अबोल, बॅगेत नूडल्सची पाकिटं घेऊन फिरणारा. बाईंनी एकदा डब्यातली सुकट त्याच्यापुढे केली. खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाणी पुसत त्यानं डबाच ओढून घेतला. त्यानंतर बाई दोन डबे आणायच्या. या माणसाचा कुठल्याच भाषेवर विश्वास नव्हता. जे बोलायचा ते हातांनी करूनही दाखवायचा. बोल्ट पिळायचा म्हणाला तर हवेत बोल्ट पिळणार, पाणी गळतंय म्हणाला तर बोटांनी गळणार. बायका कामगार तर त्याचा तमाशा बघायला जमायच्या.

दुभाष्याचं काम म्हणजे निम्मं गिळायचं काम. शेठ इंजिनियरला शिवी देतो, इंजिनियर शेठला मूर्ख म्हणतो, आणि मध्ये बसलेल्यानं दोन्ही पोटात घालून हसत सांगायचं, की साहेब म्हणतात जरा बघून घेऊ. बाई हे उत्तम करायच्या. फक्त एक गोष्ट त्या गिळत नसत. “शिवी गिळते,” त्या म्हणायच्या, “धोका नाही गिळत.” मशीन चालवताना कुणाला लागेल असं काही इंजिनियर बोलला, की बाई ते जसंच्या तसं, त्याच्याच आवाजात, त्याच्यासारखेच हात करून सांगायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुढचं ऐकलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

अंबरनाथच्या एमआयडीसीत भाऊंचा जीन्स धुलाईचा कारखाना. भाऊ म्हणजे सगळ्यांचे भाऊ. पांढरा शर्ट, नवरात्राच्या मंडळाला मोठी देणगी, कमानीवर फोटो. त्यांच्याकडे शालन नावाची पोर कामाला होती. बाईंच्या शेजारची. आई घरकामाला जायची म्हणून ही बाईंच्या ओट्यावर वाढली, बाईंना आत्या म्हणायची. शाळेत जायच्या आधी बाई तिची वेणी घालून द्यायच्या. भाऊंकडे तिला चिकटवून दिलं तेही बाईंनीच.

धुतलेल्या जीन्स पिळायचं जे मशीन असतं त्याला कारखान्यात हायड्रो म्हणतात. आत पिंप गरागरा फिरतं. झाकण उघडं असेल तर ते फिरूच नये म्हणून झाकणापाशी एक स्विच असतो. पण पिंप पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची म्हणजे वेळ जातो. मग काय करतात, तर स्विचला वायरचा तुकडा बांधून मशिनाला फसवतात. मशिनाला वाटतं झाकण बंद आहे. भाऊंच्या कारखान्यात सगळ्या हायड्रोंना अशी वायर होती. इंजिनियरनं ती पाहिली. त्या वेळी तिथं तिघंच होते, तो, बाई आणि भाऊ. मी मागं बॉयलरच्या पाइपाशी होतो, माझ्या कानावर काही आलं नाही, मला हे नंतर बाईंकडून कळलं. इंजिनियर काय म्हणाला ते बाईंनी भाऊंना सांगितलं. धोकादायक आहे, वायर काढा, माणसाचा हात जाईल. भाऊ हसले. “काढतो म्हणावं,” म्हणाले. इंजिनियर चीनला गेला. वायर तिथंच राहिली.

आणि एक दिवस शालन फिरत्या पिंपातून अडकलेली पँट ओढायला गेली. तिचा उजवा हात कोपराखालून गेला.

चौकशीला माणसं आली तेव्हा भाऊ काय म्हणाले? म्हणाले, “साहेबांनी ओके सांगितलंय असं बाईच मला म्हणाल्या. मला काय चिनी येतं?”

झालं. त्या एका वाक्यावर माणूस सुटला. बाई ओरडून ओरडून सांगत होत्या, पण ऐकणाऱ्यांपुढे दोन माणसं, एक कमानीवरचे भाऊ आणि एक कुठलीशी भाषा बोलणारी बिनलग्नाची बाई. बाईंनी चीनला फोन लावले, मेल केले. तिकडच्या कंपनीनं कळवलं की अपघाताबद्दल आमचा माणूस काही बोलणार नाही. पुढं तर व्हिसेच बंद झाले, तिकडून माणसं यायचीच थांबली.

बाई इस्पितळात गेल्या. शालननं त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. भाऊ तिथंच खुर्ची टाकून बसलेले, तिच्या आईला आई म्हणत, नारळपाणी सोलून देत. नंतर त्यांनी शालनला कारखान्याच्या गेटवर स्टुलावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला पास द्यायला. “माझ्या घरचीच पोर आहे,” असं ते पाहुण्यांना सांगायचे. ते ऐकलं की मला त्यांचं नरडं धरावंसं वाटायचं.

बाईंचं काम आटलं. ज्या बाईमुळे पोरीचा हात गेला तिला कोण बोलावणार? अंकल आधी म्हणाले, “बाई झूठ नहीं बोलती, मैं जानता हूँ साईं.” मग हळूहळू त्यांनीही फोन करायचं सोडलं. सगळं माहीत असलेल्या माणसानं असं करावं, हे तर भाऊंपेक्षा वाईट.

मी बाईंना म्हटलं, “एकदा सांगा. भाऊच्या बॉयलरमध्ये असं काहीतरी करून ठेवतो की…”

“आणि भाजेल कोण?” बाई म्हणाल्या. “भाऊ जातो का बॉयलरजवळ? भाजतील बाया.”

“मग काय गप्प बसायचं?”

“मिस्त्री, तो माणूस एकाच वाक्यावर उभा आहे. मला काय चिनी येतं. ते त्याच्या पायाखालून काढायचं.”

त्यांचा आवाज इतका शांत होता की मला भाऊंची दया यायला हवी होती. आली नाही.

बाईंनी अंबरनाथला एका बालवाडीची खोली संध्याकाळपुरती मागून घेतली आणि भाऊंच्या कारखान्यातल्या बायकांसाठी फुकट चिनीचा वर्ग काढला. भिंतीवर अननस आणि आगगाडीची चित्रं, खाली पोरांची इवलीशी बाकं, त्यावर दिवसभर ओल्या जीन्स उचलून आलेल्या बायका गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या. पहिल्यांदा गंमत म्हणून आल्या. भाऊंच्या कानावर गेलं तेव्हा ते खो खो हसले. “शिकू द्या की. चीनला जाऊन धुणी धुतील.”

बाईंनी त्यांना क्रियापद शिकवलंच नाही. येणं, जाणं, काल, उद्या, काही नाही. नुसत्या कारखान्यातल्या वस्तू आणि त्यांचे गुण. झाकण सैल. पाणी कढत. पट्टा जुना. वायर उघडी. “दोन शब्द ठेवले की पुरं वाक्य होतं, अशी भाषा आहे ही,” बाई त्यांना म्हणायच्या. “‘आहे’ शोधत बसू नका. वस्तूला बोट लावा, गुण सांगा, मोकळ्या व्हा.” बायकांना ते चटकन जमलं. त्या मुळातच तसं बोलायच्या. शेडमध्ये कढत पाण्याची बादली घेऊन जाणारी कुठं “पाणी गरम आहे” म्हणते? ती “गरम, गरम!” असंच ओरडते. आता “थांग, थांग!” ओरडायला लागली, एवढाच फरक. सैलला त्या भाषेत ‘सोंग’ म्हणतात, त्यावर तर आठवडाभर हसू पुरलं. सुपरवायझर दिसला की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, “सोंग.”

मी कधीकधी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. एकदा बाईंनी फळ्यावर एक बारीक अक्षर काढलं. गुणाच्या शेवटी हे ‘ल’ लावलं, की तो गुण आत्ता आलाय, आधी नव्हता, असा अर्थ होतो.

“झाकण सैल, आणि झाकण सैल ल,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्यात काय कळलं?”

“आधी घट्ट होतं,” निर्मला वहिनी म्हणाल्या. या निर्मला वहिनी शेडमधल्या सगळ्यांत जुन्या, आवाज पहाडी.

“मग सैल कसं झालं?”

“कोणी तरी केलं असंल.”

“शाबास,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी बाजारात बोंबील घेताना पाहिलं होतं.

‘वेइश्येन’ म्हणजे धोकादायक. तो शब्द त्यांनी सगळ्यांकडून इतका घोटून घेतला की बायका पोरांना झोपवतानाही म्हणत असतील. आणि दर वर्गाच्या शेवटी दोन शब्द, कुठल्याच धड्यात न बसणारे: ‘शांग त्स’. मागच्या वेळी. निर्मला वहिनींनी विचारलं, “हे कशाला ओ बाई?” बाई म्हणाल्या, “लागंल.”

शालन वर्गाला कधी आली नाही. पण शेडमधल्या बायका दिवसभर तेच बोलायच्या, आणि गेटवरच्या स्टुलावर ते ऐकू जायचं. बाई तिच्याबद्दल कधी विचारायच्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, “मी सांगून तिला पटवायचं नाहीये. तिनं तिच्या कानांनी ऐकायचं.”

“पण ऐकवणार कोण?”

“तो येईल की. मशीन म्हातारं झालं की येणारच. आतला बोर्ड त्याच्याशिवाय कुणाला जमत नाही, तुम्हालाही नाही.” ते खरं होतं, म्हणून मला जरा लागलं. बाई दर पावसाळ्यात मला विचारायच्या, भाऊंच्या बोर्डात ओल शिरली का? देवाकडे मागावं तसं विचारायच्या.

शेवटी शिरली. भाऊंची मशिनं एकामागून एक बंद पडायला लागली. व्हिसे पुन्हा सुरू झाले होते. तोच इंजिनियर आला, केस पांढरे झालेले, बॅगेत तीच पाकिटं. अंकलनी त्याच्याबरोबर मला पाठवलं. दुभाषी कोण, म्हणून मी विचारलं तर भाऊंनी खिशातून नवा कोरा फोन काढला. “आता हा बोलतो. बाई कशाला पाहिजे?”

फोन खरंच बोलत होता. इंजिनियर काही म्हणाला, की फोनमधली पोरगी गोड हिंदीत सांगायची. बोर्ड बदलून झाला, चहा झाला, शालन गेटवरून कपबशा घ्यायला आत आली. आणि इंजिनियर हायड्रोपाशी वाकला.

वायर तिथंच होती. म्हणजे जुनी नाही. जुनी गंजली म्हणून भाऊंनी नवी, लाल रंगाची, झकास गुंडाळून बांधली होती. शालनचा हात गेला त्याच मशिनाला.

तो अबोल माणूस इतका मोठ्यानं ओरडला की पलीकडच्या शेडमधली माणसं धावत आली. त्या ओरडण्यातला एकच शब्द मला कळला, आणि तोच सगळ्या बायकांनाही कळला. फोनमधली पोरगी “यह बहुत ख़तर…” एवढं म्हणाली आणि भाऊंनी तिला खिशात घातली. “नेटवर्क गेलं,” म्हणाले.

पण बायकांना नेटवर्क लागत नव्हतं. “वेइश्येन,” एक म्हणाली. मग दुसरी. एकेकीनं मशीन बंद केलं आणि मागं सरली. जीन्समधून गळणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज. निर्मला वहिनी पुढे आल्या, त्यांनी त्या लाल वायरीला बोट लावलं, आणि पहाडी आवाजात इंजिनियरला विचारलं, “शांग त्स? वेइश्येन?”

मागच्या वेळी? धोकादायक?

इंजिनियरनं जोरजोरात होकारार्थी मान हलवली, आणि त्याला जसं सांगता यायचं तसं सांगितलं. एका जागी जाऊन उभा राहिला, हा मी. वायरीला बोट लावलं, आणि उजव्या हातावर कोपराखाली सुरीसारखा डावा हात मारला. मग बाजूला सरकला, चष्मा कपाळावर चढवल्यासारखं केलं. सगळ्यांना कळलं कोण ते. आणि त्या बाईनं काय केलं? तिनंही समोर बघून तसाच हातावर हात मारला, दोनदा मारला. मग तो तिसऱ्या जागी गेला. छाती पुढे काढली, हसला, खांद्यावर थाप मारली, अंगठा दाखवला. हे भाऊ.

शालन कपबशांचा ट्रे डाव्या हातावर घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला. उजवी रिकामी बाही तिनं कोपरापर्यंत वर सारली आणि ती भाऊंसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं ती रडेल.

“भाऊ,” ती म्हणाली, “आता तरी आलं ना चिनी?”

भाऊंचा चेहरा! मी देवाधर्माचा माणूस नाही, पण तो चेहरा बघायला मिळाला म्हणून त्या शनिवारी मारुतीला तेल घातलं. बायका जाऊन गेटबाहेर बसल्या. वायरी निघाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाल्या. वायरी काढायचं काम माझ्याकडे आलं. एकेक वायर पकडीनं तोडली, लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावून, भाऊंना दिसेल अशी. इंजिनियरनं जायच्या आधी चौकशीवाल्यांपुढे सगळं सांगितलं. केस परत उघडली आहे. या नवरात्रात कमानीवर भाऊंचा फोटो नव्हता, मी मुद्दाम वाट वाकडी करून बघून आलो.

त्या दिवशी मी थेट मांजर्लीला गेलो. बाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. भाऊ कुठं उभा होता, तोंड कसं झालं, आधी लाल झालं का आधी पांढरं. मी मशीन बसवताना जितका बारकावा ठेवत नाही तितक्या बारकाव्यानं सांगितलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. असं समाधान मी नैवेद्याच्या ताटापुढेही कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही.

तेवढ्यात शालन आली. पायरीशी उभी राहिली. “आत्या,” म्हणाली.

बाई उठल्या, सुकटीचं सूप उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

शालन बराच वेळ उभी होती, मग गेली. मी मागच्या दारानं आत गेलो. वाटलं होतं रडत असतील. बाई सुकट निवडत होत्या.

“अहो, ती आली होती,” मी म्हटलं.

“बघितलं.”

“मग?”

“भाऊ परका,” बाई म्हणाल्या. “परका खोटं बोलला, त्याचं काय एवढं. ही माझ्या ओट्यावर वाढली, मिस्त्री. हिनं एकदा विचारायचं होतं. आत्या, तू सांगितलं होतंस का? एकदाच. मी हो म्हटलं असतं, संपलं असतं. वर्ग नको आणि काही नको.” त्यांचे हात थांबले. “सगळ्या जगाला चिनी शिकवायला लागलं, तेव्हा हिला माझं मराठी पटलं.”

मी, एरवी ज्याला त्याला ‘सोडू नका’ म्हणणारा माणूस, त्यांना म्हणालो, “सोडा आता.” बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फितूर झालोय.

अंकल गाडी घेऊन त्यांना परत न्यायला आले. बाईंनी त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा, आणि नको म्हणून सांगितलं. सुरतेच्या एका कापडवाल्या कंपनीनं बोलावलं होतं, तिकडे गेल्या. आयुष्यभर पुरातसुद्धा न सोडलेलं घर बंद केलं. जायच्या दिवशी बालवाडीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“ही तिला द्या. शेडमध्ये ऐकून ऐकून तिला सगळं पाठ आहे, मला माहीत आहे. वर्ग बंद पडता कामा नये. आणि सांगा, मी माफ केलेलं नाही.”

मी किल्ली दिली. निरोपही जसाच्या तसा दिला, काही न गिळता. शालननं मान हलवली आणि किल्ली घेतली.

आता वर्ग ती घेते. डाव्या हातानं फळ्यावर लिहिते, अक्षरं उतरणीला लागतात, पण बायका येतात. पहिल्या आठवड्यात मी मागच्या बाकावरून बाईंना फोन लावला आणि न बोलता तसाच धरून ठेवला. बाईंनी पुरा वर्ग ऐकला. शेवटी म्हणाल्या, “सूर चुकतोय तिचा,” आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळेला त्यांचाच फोन आला. “मिस्त्री, तुम्ही बोलू नका. नुसता खिशात ठेवा.”

तेव्हापासून मी रोज जातो. शर्टाच्या वरच्या खिशात फोन, पलीकडे सुरतेत बाई, गप्प. शालनला मी काही सांगितलेलं नाही. पण हल्ली ती मला मागं बसू देत नाही. पहिल्या बाकावर बसवते, आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं, माझ्या खिशाकडे तोंड करून शिकवते.